अनंता विशेची सतरा ताटं

सतरा रेकॉर्डींतली एक निवडायची होती. फक्त एक! जावई निवडायचा नव्हता की जमीन घ्यायची नव्हती. तरी शनिवार उजाडला तेव्हा अनंता विशेचं डोकं असं भणभणत होतं की धार काढता काढता त्यानं म्हशीलाच विचारलं, "आता तूच सांग गो, कुठली देऊ?"

म्हशीनं शेपटी मारली. गोठ्याच्या दारात प्रेमा, त्याची बायको, कासंडीची वाट बघत उभी होती. ती दूध घेऊन घरात गेली.

हे सगळं लचांड दिपिकानं लावून दिलं होतं. दिपिका म्हणजे अनंताची एकुलती लेक, मुरबाडच्या एका शाळेत शिक्षिका. एकवीस जूनला संगीत दिवस असतो म्हणे. शाळेनं ठरवलं की यंदा पोरांना जगातली वेगवेगळी संगीतं ऐकवायची. एकेका शिक्षकानं एकेक घ्यायचं. टेबलावर त्या संगीताचा एकच अल्बम ठेवायचा, शेजारी चार ओळींची माहिती, आणि दहा मिनिटं ऐकवायचं. कुणी कव्वाली घेतली, कुणी लावणी, कुणी तारपा. दिपिकानं मीटिंगमध्ये हात वर केला आणि सांगून टाकलं, "जॅझ. माझे बाबा सांगतील."

फोनवर हे ऐकलं तेव्हा ओट्यावर बसलेला अनंता उभाच राहिला.

"मुरबाडात? जॅझ? पोरं ऐकणार?"

"दोनशे पोरं आहेत, बाबा. तुमचाच प्लेअर आणू, तुमचीच रेकॉर्ड लावू. फक्त एक निवडा. जी ऐकली की जॅझ म्हणजे काय ते कळलं पाहिजे. शनिवारी संध्याकाळी नाव लागेल, पत्रिका छापायला जायची आहे."

"एक कशाला, पाच देतो ना."

"एकच, बाबा."

फोन ठेवला तेव्हा अनंता इतका खूश होता की त्यानं शेजारच्या काळूरामला हाक मारून चहाला बोलावलं. तो आनंद रविवारी रात्रीपर्यंत टिकला. सोमवारपासून जो वैताग सुरू झाला तो विचारू नका.

आता किन्हवलीच्या बाजूच्या खेड्यात, दोन एकर भात करणाऱ्या माणसाच्या घरात या रेकॉर्डी आल्या कुठून, ते सांगायला हवं. एक्याऐंशी साली वीस वर्षांचा अनंता मुंबईला एका हॉटेलात ग्लास विसळायच्या कामाला लागला. हॉटेलात रात्री बँड वाजायचा. त्यात सॅक्सोफोन वाजवायचे ते डिमेलो मास्तर, गोव्याचे, बुटके, सदा पान खाणारे. हा विशेंचा पोरगा ग्लास हातात धरून दाराआड उभा राहतो, ऐकतो आणि मॅनेजरच्या शिव्या खातो, हे त्यांनी चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी सॅक्सोफोन त्याच्या हातात दिला. पुढची आठ वर्षं शिकवलं. मग हॉटेलानं बँड बंद केला. मास्तर गोव्याला परत निघाले. जाताना त्यांनी आपला जुना सॅक्सोफोन, प्लेअर आणि सतरा रेकॉर्डी अनंताच्या स्वाधीन केल्या.

"मास्तर, गावात हे कोण ऐकणार?" अनंतानं विचारलं होतं.

"सबको नही सुनाने का," मास्तर म्हणाले, "एक को सुनाव. लेकिन बराबर."

एकालाच, पण नीट. केवढंसं मागणं! अनंतानं त्यापायी पस्तीस वर्षं घातली.

गावी येऊन तो भगीरथच्या ब्रास बँडमध्ये लागला. शहापूर, मुरबाड, पार उंबरमाळीपर्यंतच्या वराती वाजवल्या. पण वरातीत वाजवायचं काय, तर लोकांना पाठ असलेलं. एकदाच, एका हळदीत, पोरं नाचून दमली होती आणि अनंताला राहवलं नाही. गाण्याची चाल धरून तो हळूच तिच्याबाहेर निघाला, मास्तर शिकवायचे तसा, इकडे वळला, तिकडे वळला, आणि डोळे मिटून पार रमून गेला. डोळे उघडले तर नवऱ्याचा मामा खोबरेल तेलाची बाटली घेऊन समोर उभा. बाजा अडकलाय असं वाटलं होतं बिचाऱ्याला! भगीरथनं चारचौघांत झाप झाप झापलं. तेव्हापासून अनंतानं बाहेर निघायचं सोडलं ते सोडलंच.

मग त्यानं रेकॉर्डी ऐकवायला सुरुवात केली. भगीरथला बसवलं, तर दहा मिनिटांनी भगीरथ म्हणाला, "बरं हाय रे, पन हे सुरू कदी होतं?" काळूराम, बँडमधला ढोलवाला, लहानपणापासूनचा दोस्त, तो रेकॉर्ड उलटून दुसरी बाजू लावली तेव्हा घोरायला लागला. प्रेमाला ऐकवलं ते लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात. नवी नवरी, मान खाली घालून ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, "हा मानूस रडतो का?"

"रडत नाय गो, वाजवतो!" अनंता असा खेकसला की ती पुन्हा कधी त्या खोलीत ऐकायला म्हणून बसली नाही. त्यानंही बोलावलं नाही. हिला काय कळणार, हे त्यानं त्या दिवशी ठरवलं, ते ठरवलं.

आणि पाच वर्षांपूर्वी म्हसाच्या जत्रेत, बैलबाजाराच्या गर्दीत धक्का लागून तो तोंडावर आपटला. वरचे चार दात गेले. कवळीवर सॅक्सोफोन वाजत नाही, नुसती हवा सुटते. बाजा ट्रंकेत गेला. आता मास्तरांचं मागणं पुरं करायला हाताशी होत्या त्या सतरा रेकॉर्डी आणि दिपिकाची दहा मिनिटं. अशी संधी पुन्हा येणार नव्हती, हे त्रेसष्टाव्या वर्षी कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून तर एकीवर बोट ठेवता येईना.

सोमवारी त्यानं लाल पाकिटातली लावली. वीस-बावीस जणांचा बँड, सगळे एका दमात उसळणारे. झकास! पण पोरं म्हणतील, हा तर आपला वरातीचा बँड. बाद. मंगळवारी बाई गाते ती. आवाज असा की अंगावर काटा यावा. पण मग पोरं बाईलाच ऐकणार, तिच्या मागे पियानोवाला काय एकेक गंमत करतोय ते कोण ऐकतो? बाद. बुधवारी ती, जी त्याला स्वतःला कळायला सात वर्षं लागली होती. ती दहा मिनिटांत कळायची म्हणजे पोरं काय देवाघरून शिकून आली आहेत? बाद. एकीत नुसता ड्रम, पोरं बाकं बडवतील. एकीत चाल सुरेख, पण कुणी तिच्याबाहेर पाऊलच टाकत नाही. दुसरीत सगळे इतके बाहेर गेलेत की चाल कुठं राहिली ते घरच्यांना विचारावं लागेल.

राखाडी पाकिटातली तर त्यानं सगळ्यांत आधी बाजूला टाकली होती. दिपिका चार वर्षांची असताना तिनं त्या रेकॉर्डीवर फणी फिरवली होती. दुसऱ्या बाजूला सॅक्सोफोन एकेक पायरी करत वर चढतो, चढतो, आणि आता अगदी माथ्यावर पोचणार तोच सुई उडी मारते, की एकदम उताराला. माथा गायब! पंचवीस-सत्तावीस वर्षं दर वेळी त्या जागेवर अनंता "हत् तिच्या!" म्हणायचा. तरी तिन्हीसांजेला बहुतेक करून तीच लावायचा, सवयीनं. पण शाळेत असली फाटकी रेकॉर्ड कोण नेणार?

गुरुवारी त्यानं काळूरामला बोलावून विचारलं.

"ज्याच्यावर नाचता येल ती दे," काळूराम म्हणाला.

"नाचायला नाय रे, ऐकायला!"

"मग नको देऊ," काळूराम म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

शुक्रवारी त्यानं दिपिकाच्या हेडमास्तरांनाच फोन लावला, की बाबा तुमची अपेक्षा काय. ते फार सभ्यपणे म्हणाले, "छोटं, गोड आणि शक्यतो शांत असं काहीतरी बघा." अनंतानं फोन ठेवला आणि भिंतीवर मूठ आपटली. जॅझमधलं छोटं, गोड आणि शांत! उद्या म्हणतील समुद्रातलं कोरडं दाखवा.

प्रेमा केर काढत होती. "कुठलीबी द्या ना," ती म्हणाली. "ती तुमची..."

"तू मधी बोलू नको गो! तुला त्यातलं काय कळतंय?"

ती केर भरून निघून गेली. घरभर रेकॉर्डी पसरल्या होत्या, पाकिटं वेगळी, आतल्या रेकॉर्डी वेगळ्या, आणि अनंता त्यांच्यात बसून एकेकीला हातात घेऊन परत ठेवत होता. जेवणावर लक्ष नाही, झोप नाही. हे सगळं प्रेमा बघत होती.

तर शनिवार. सकाळी म्हशीकडूनही उत्तर आलं नाही. दिपिकानं बोलावलं होतं म्हणून अनंता एसटीनं मुरबाडला गेला, शाळेचा हॉल बघायला. प्लेअर लावायला भिंतीवर प्लग कुठं आहे, टेबल हलतं का, सगळं बघितलं. हॉल मोठा होता, पंखे आवाज करत नव्हते. शेवटच्या बाकावर बसून त्यानं समोरच्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, मग उठून तिथपर्यंतची पावलं मोजली. दिपिका दुपारी त्याच्याबरोबरच निघाली, म्हणजे बाबांकडून नाव घेऊनच परतायचं.

मे महिना सरत आला होता. या दिवसांत आमच्याकडे घरातलं सगळं अंगणात येतं. पाऊस लागला की चार महिने काही कोरडं राहत नाही, म्हणून गोधड्या, मिरच्या, डाळी, पापड, देवाची वस्त्रं, लग्नाचे शालू, एकूण एक वस्तूला ऊन दाखवून मग बंद करायची. विशेंच्या अंगणातही चटया पडल्या होत्या. एकीवर मिरच्या, एकीवर गोधड्या. आणि तिसरीवर, छान ओळीनं, एकमेकींना न लागता, सतरा रेकॉर्डी. शेजारी पाकिटं उघडून ठेवलेली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक खडा.

अनंता फाटकातच थांबला.

रेकॉर्डी आता सपाट नव्हत्या. उन्हात तापून त्यांच्या कडा उचलल्या होत्या. कुणाची वाटी झाली होती, कुणाला लाट आली होती, तळताना पापडाला येते तशी. एक कोंबडी लाल पाकिटाच्या रेकॉर्डीत बसली होती.

"आलात?" प्रेमा दारातून हसत म्हणाली. "बगा, सगळ्यांना ऊन दावलं. पाकिटांना बुरशीचा वास मारत होता. म्हटलं, आठवडाभर तुमी एवढा जीव लावून बसलाय, तर नीट करून द्यावं. फडक्यानं पुसलीत हां एकेक ताट."

पुढं अनंता जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. तो तिला अडाणी म्हणाला, वैरीण म्हणाला. चौतीस वर्षं तू माझ्या गाण्यावर टपून होतीस म्हणाला. मास्तरांना काय तोंड दाखवू म्हणाला, मास्तर जाऊन वीस वर्षं झाली होती तरी. बोलता बोलता कवळी सुटायला आली तेव्हा थांबला आणि ओट्यावर मटकन बसला. प्रेमाच्या चेहऱ्यावरचं हसू केव्हाच गेलं होतं. तिनं एकदा त्या चटईकडे पाहिलं. काय झालंय ते तिला तेव्हा कुठं दिसलं. ती आत गेली आणि आतून भाकऱ्या थापल्याचा आवाज यायला लागला, नेहमीपेक्षा जोरात.

दिपिकानं पर्स ओट्यावर ठेवली. मग बापाशेजारी टेकली.

"बाबा, रेकॉर्डी गेल्या. खूप वाईट झालं. पण त्यातलं वाजवलेलं कुठं जात नाही. हे सगळं फोनवर मिळतं. मी स्पीकर लावीन. तुम्ही फक्त नाव सांगा."

"नाव!" अनंता म्हणाला. "नावच तर येत नाय गो! आठवडा झाला! रेकॉर्डी व्हत्या तवा नाय आलं, आता काय येतंय? काट माझं नाव त्या पत्रिकेतून. तो कव्वालीवाला घेईल दहा मिनिटं जास्त."

"बाबा, तसं नका करू."

"मला जमलं नाय. वाजवून नाय जमलं, ऐकवून नाय जमलं. एक मानूस मिळाला नाय मला पस्तीस वर्षांत. दोनशे पोरं कुठली मिळतायत!"

त्याचे डोळे भरले होते आणि ते लेकीला दिसू नयेत म्हणून तो अंगणाकडे बघत राहिला. काहीतरी करायचं म्हणून दिपिकानं चटईवरचं सगळ्यांत जवळचं पाकीट उचललं, राखाडी. वरचं इंग्रजी नाव वाचून फोनवर शोधलं आणि लावलं. दुसरी बाजू.

सॅक्सोफोन सुरू झाला. स्वच्छ, खरखर नाही, काही नाही. एकेक पायरी चढत वर निघाला. सुई उडी मारायची ती जागा आली आणि गेली. बाजा तसाच वर चढत राहिला, थेट माथ्यावर. इतक्या वर्षांनी अनंताला तो माथा ऐकू आला. आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

"हे नाय ते," आतून प्रेमा म्हणाली.

"काय?" दिपिकानं विचारलं.

प्रेमा पिठाच्या हातांनी दारात आली. तिचा चेहरा अजून रुसलेलाच होता. "हे ते नाय. मधी कायतरी जादा घातलंय. यांची तिन्हीसांजेची हाय ना, ती अशी नाय."

"मग कशी आहे?"

प्रेमानं नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिनं ओठ मिटले आणि गुणगुणायला सुरुवात केली. एकेक पायरी करत वर चढली, न चुकता, थांबायचं तिथं थांबत, आणि आता माथा येणार तोच, ठक्, एकदम उताराला. सुईची उडी सुद्धा तिनं जागच्या जागी घेतली.

अनंता वळून बघत राहिला.

"आनि फुडं?" तो कसाबसा म्हणाला.

तिनं पुढचं म्हटलं. त्याच्या पुढचंही म्हटलं. पूर्ण बाजू तिच्या तोंडात होती. एका ठिकाणी ती थांबली आणि दिपिकाला म्हणाली, "हितं तो दम घेतो, आयकू येतो बग. मग रडल्यासारखं करतो. पन रडत नाय. रडायच्या जरा आधी वळतो नि भलतीकडंच जातो. मला वाटायचं, आता हा परत कसा येनार? पन येतो. दर वेळंला येतो."

आठवडाभर पोरांना काय सांगायचं म्हणून अनंता शब्द जुळवत होता, कागदावर लिहून खोडत होता. ते सगळं हिनं हाताला पीठ असताना सांगून टाकलं होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण आधी आला तो रागच. स्वतःचा आला, तिचा आला, भिंतीपलीकडे गेलेल्या चौतीस वर्षांचा आला.

"तू आयकत व्हतीस?" तो ओरडलाच. "रोज? मग बोलली का नायस कदी?"

"तुमी इचारलं कदी?" प्रेमाचाही आवाज चढला. "काळूरामला इचारलं. हेडमास्तरला फोन लावून इचारलं. आज सकाळी तर म्हशीला इचारलं! मी तितंच उभी व्हती."

अनंतानं एकदा गोठ्याकडे बघितलं. दिपिकानं पर्समधून पेन काढलं.

"लिही," तो तिला म्हणाला. "राखाडीच लिही. आनि सांगनार कोन, तितं माझं काट. आयचं घाल."

"मी नाय जायची," प्रेमा म्हणाली. "शाळंत जाऊन काय बोलू मी? आनि आधी ती ताटं उचला अंगनातली. कोंबड्या बसल्यात."

अनंता उठला. अंगणात जाऊन त्यानं कोंबड्या हुसकल्या, सोळा रेकॉर्डी एकात एक बसत नव्हत्या तरी कशाबशा काखेत धरल्या आणि राखाडी पाकिटातली वेगळी, दोन्ही हातांत घ्यायची म्हणून परत त्या सोळा खाली ठेवल्या. ती उन्हानं अजून गरम होती. फणीचा ओरखडा आडवा, लख्ख दिसत होता.

घरात दिपिका काहीतरी विचारत होती. प्रेमा तिला तो चढ पुन्हा म्हणून दाखवत होती, या वेळी सावकाश, लेकीला कळेल असा. माथ्याच्या अलीकडं तिनं उडी मारली आणि उतरायला लागली. अनंता रेकॉर्ड हातात धरून ओट्याच्या पायरीशीच उभा राहिला. आत गेलो तर ती थांबेल, म्हणून तो गेला नाही.